दोन्ही नावे एकाच मुलीची

कापलेल्या धानाला तीन दिवसांचे ऊन लागते. पहिल्या दिवशी वरची बाजू वाळते, दुसऱ्या दिवशी कापून आडव्या पसरलेल्या कडपा उलटवायच्या, तिसऱ्या दिवशी भारे बांधून त्यांची गंजी, म्हणजे पुंजणे, रचायचे. ललिताबाईच्या धानाला दोनच दिवस मिळाले. बुधवारी सकाळी तलावाच्या पलीकडून ढग चढू लागले आणि न उलटवलेल्या चार बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, खालची बाजू अजून दमट होती.

तिची मुलगी नीतू आदल्या संध्याकाळच्या गाडीने गोंदियाहून आली होती. तिला तीन दिवसांची सुटी होती. गोंदियात ती एका खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. रक्ताचे नमुने तपासायचे, आकडे लिहायचे आणि रिपोर्टखाली सही करायची, हे काम ती सहा वर्षे करत होती. सही 'समीक्षा गुलाब शहारे' अशी होती.

समीक्षा तिची मोठी बहीण. पहिलीत नाव घातल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात, साडेपाच वर्षांची असताना, ती तापाने गेली. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी बैलगाडी जुंपली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. शाळेत त्या वर्षी पट कमी पडत होता. गुरुजींनी नाव खोडले नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांनी बापाला, गुलाब शहारेला, सांगितले की नाव आहेच, त्यावर धाकटीला बसव. धाकटी घरीच जन्मलेली, तिच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. गुलाबला तालुक्याच्या चकरा टळल्यासारख्या वाटल्या. शिवाय मोठीचे नाव रोज हजेरीला पुकारले जाईल, असेही त्याला वाटले होते. हे तो कधी बोलला नाही, ललिताबाई सांगायची. सव्वाचार वर्षांची नीतू कागदावर साडेसहा वर्षांची झाली. दहावीची सनद, डिप्लोमा, आधार, मतदार यादी, सगळे त्या एका नावावर चढत गेले. दर नऊ जानेवारीला लॅबमधले लोक केक आणायचे आणि नीतू बहिणीच्या वाढदिवसाची सुरी हातात धरायची.

गुलाबला जाऊन तीन वर्षे झाली होती. आता फेब्रुवारीत नीतूचे लग्न होते. मुलगा प्रफुल्ल रेल्वेत होता. त्याला सगळे माहीत होते आणि त्याचे काही म्हणणे नव्हते. म्हणणे नीतूचेच होते. लग्नाच्या नोंदवहीत तिला स्वतःचे नाव हवे होते.

बुधवारी तिघी बांधीत होत्या: ललिताबाई, नीतू आणि शेजारची रुख्माबाई. रुख्माबाईच्या धानाला ललिताबाई चार दिवस राबली होती, त्याची ही फेड होती. कडपा गोळा करायच्या, तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, बंध पिळून खाली टाकायचा, त्यावर धान आडवे ठेवायचे, गुडघ्याने दाबायचे आणि गाठ मारायची. नीतूचा भारा उचलला की मधूनच सुटायचा. रुख्माबाई म्हणाली, लॅबीत बसून लोकांच्या रक्तातले किडे मोजतेस, आणि गुडघ्यात एवढा जोर नाही का. मग तिने नीतूचा पाय धरून कुठे दाबायचे ते दाखवले. नीतूच्या पोटऱ्यांवर पातीचे बारीक काप उठले होते. घाम लागला की ते चरचरत होते.

दुपारी मोहाच्या झाडाखाली भाकर खाताना ललिताबाईनेच विषय काढला. पत्रिका छापायला कधी टाकायची, असे तिने विचारले. नीतू म्हणाली, नावाचे काम झाले की.

"नाव आहे ना," ललिताबाई म्हणाली. "समीक्षाच छाप. सगळ्या कागदावर थेच आहे."

"माय, लगन माह्यं होऊन राहिलं."

"मी कुठं म्हणतो तिचं होऊन राहिलं म्हून?"

रुख्माबाईने पाण्याचा गडवा तोंडाला लावला आणि उठून तलावाकडे गेली. ललिताबाईने भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच ठेवला. मग ती म्हणाली की बापाच्या मृत्यूचा दाखला पेटीत आहे. ग्रामसेवकाने दिला, शिक्का आहे, वर नाव आहे. समीक्षाचा काहीच नाही. फोटो नाही. कपडे होते ते नीतूनेच घालून फाडले. शाळेतले नाव होते, ते पण नीतूकडे गेले.

"एक कागद तं पाह्यजे होता तिचा," ती म्हणाली. "मी मेल्यावर कोण सांगल ती होती म्हून?"

नीतूने याचा विचार करून ठेवला होता. लॅबमध्ये कधी एका नळीवर दुसऱ्याच माणसाच्या नावाची चिठ्ठी लागते. तेव्हा ती चिठ्ठी काढायची, योग्य नळीवर लावायची, आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर होतात. तिला हे तसेच वाटत होते.

"मी नाव सोडलं का थे तिचं तिले परत जाते," ती म्हणाली. "मंग ग्रामपंचायतीत तिचा दाखला काढू. बाबाचा आहे तसाच. शिक्क्याचा."

"देतील?"

"काऊन नाही देणार? उशीर झाला म्हून चकरा लागतील. पण देतील."

ललिताबाईने तिच्याकडे पाहिले. मग बुडवलेला तुकडा खाल्ला. संध्याकाळपर्यंत तिने एकटीने नीतूपेक्षा दुप्पट भारे बांधले आणि घरी जाताना म्हणाली की उद्या तीही येते, अंगठा लागला तर तिचा लागेल.

गुरुवारी सकाळी ढग अजून तसेच होते. रुख्माबाई म्हणाली, पुंजणे मी लावते, तुम्ही लवकर या, पाणी आले तर माझ्या नावाने बोंबलू नका. मायलेकी एसटीने तालुक्याला, अर्जुनीला गेल्या. ललिताबाईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पायांना तेल लावले होते. हातांचे तिला काही करता आले नव्हते. पंधरा दिवसांच्या कापणीने बोटांची टोके काचेसारखी गुळगुळीत झाली होती आणि अंगठ्याला उभी चीर गेली होती.

अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात अकरा माणसे पुढे होती. जागा एका टेबलाची होती. भिंतीला बाक होते, आणि दाराजवळच्या बाकावर ललिताबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली. अर्ज भरणारा दुर्गाप्रसाद तिशीतला होता, गोंदियाहून रोज येणारा. तो चहा पिता पिता टाइप करत होता आणि प्रत्येकाशी निम्मे हिंदीत बोलत होता. नीतूचा नंबर आला तेव्हा साडेबारा झाले होते.

जुने नाव, नवे नाव, पत्ता, जन्मतारीख त्याने भरली. मग कारण विचारले.

नीतूने कारण सांगितले. तिने ते क्रमाने सांगितले: बहिणीचा जन्म, आपला जन्म, बहिणीचा शाळेतला प्रवेश, तिचा मृत्यू, आपला प्रवेश. तारखा सांगितल्या. चौथ्या वाक्याला दुर्गाप्रसादची बोटे थांबली. त्याने मागच्या रांगेकडे पाहिले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, हे मला सांगितलं ते सांगितलं. और किसी को मत बताना."

"पण खरं आहे."

"तेच तर. नाव बदलायचं म्हणजे माणूस एक पाहिजे. नावं दोन चालतात. माणसं दोन नाही चालत." त्याने पडद्यावरच्या कागदांना बोट लावत मोजले. "ही सनद कोणाची? तुम्ही म्हणता त्या हिशेबानं वारलेल्या मुलीची. डिप्लोमा तिचा. नोकरी तिची. फिर आप कौन? तुम्ही तर कागदावर पैदाच नाही झाल्या."

नीतूला त्याच्या बोलण्यात चूक सापडली नाही. ती उभी राहून चूक शोधत होती.

तो म्हणाला की सोपे आहे, सगळे असेच लिहितात. लहानपणापासून घरी नीतू म्हणतात, म्हणून तेच नाव कायम करायचे आहे. सोबत आईचे संमतीपत्र जोडले की कोणी काही विचारत नाही.

"आणि बहिणीचा मृत्यूचा दाखला?" तिने विचारले. "तो नंतर काढता येईल ना?"

"कोणाचा?"

"समीक्षाचा."

"समीक्षा तर तुम्हीच ना. गॅझेटमध्ये छापून येणार, समीक्षा म्हणजेच नीतू. सरकारी कागद आहे तो, पुढं कायमचा. मग जिवंत बाईच्या मरणाचा दाखला कोण देईल?" तो हसला, पण नीतूचा चेहरा पाहून थांबला. "खरं सांगायचंच असेल तर दुसरा रस्ता आहे. वकील पकडा. पहिले शाळेचं नाव खोटं होतं म्हणून कबूल करा. मग दाखला मिळेल कदाचित. पण सनद राहणार नाही. नोकरी राहणार नाही. देख लो."

मागून एका म्हाताऱ्याने विचारले की नंबर पुढे जाणार आहे की नाही. दुर्गाप्रसादने हाताने थांब म्हटले.

नीतूने दाराकडे पाहिले. ललिताबाई पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत होती. पिशवीत तिने पेटीतला नवऱ्याचा दाखला आणला होता. मुलीचा कसा पाहिजे ते दाखवायला लागला तर असावा, म्हणून. सकाळी बसमध्ये तिने तसे सांगितले होते.

नीतूने हिशेब केला. सहा वर्षांची नोकरी. त्याआधी दोन वर्षांचा डिप्लोमा, त्याच्या आधीची बारा वर्षे. एका बाजूला हे सगळे, दुसऱ्या बाजूला एक कागद, जो आईखेरीज कोणी मागितला नव्हता आणि कोणाला दाखवायचा नव्हता. किंवा मग काहीच करायचे नाही. निघायचे, आईला घेऊन घरी जायचे आणि पत्रिकेवर समीक्षा छापायचे. हा तिसरा पर्यायही तिने मोजला. पण तो मोजताना तिला लॅबमधला केक आठवला, आणि त्यावर आयुष्यभर येत राहणारे बहिणीचे नाव.

"टाइप करा," ती म्हणाली.

संमतीपत्र एका पानाचे होते. दुर्गाप्रसादने ललिताबाईला हाक मारली आणि खुर्ची दिली. ज्याचा अंगठा त्याला वाचून दाखवावे लागते, असे म्हणून त्याने वाचायला सुरुवात केली. तो भराभर वाचत होता. अशी पत्रे तो रोज वाचत असावा.

"मी ललिताबाई गुलाब शहारे, वय अठ्ठावन्न, धंदा शेती, लिहून देते की, समीक्षा व नीतू ही दोन्ही नावे माझ्या एकाच मुलीची असून, मला याव्यतिरिक्त दुसरी मुलगी नाही व नव्हती. सदर नावात बदल करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. समजलं ना मावशी? इथं अंगठा ठेवा."

काचेच्या छोट्या चौकोनात लाल उजेड होता. ललिताबाईने पदराला अंगठा पुसला आणि ठेवला. यंत्राने टूं केले. दुर्गाप्रसाद म्हणाला, नाही आला, परत.

दुसऱ्यांदाही नाही आला. त्याने तिचा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाला की धान कापणाऱ्यांचा हाच त्रास आहे, या महिन्यात रेषाच राहत नाहीत. केसांवरून फिरवा, तेल लागू द्या. ललिताबाईने अंगठा केसांवरून फिरवला. रांगेतला म्हातारा म्हणाला, बाईले जोरानं दाबाले लावा. दुर्गाप्रसादने तिचा अंगठा स्वतःच्या दोन बोटांत धरला आणि काचेवर दाबला. चीर उघडली. तिने तोंड वाकडे केले, पण हात ओढला नाही. यंत्राने परत टूं केले.

नीतू पडद्याकडे पाहत होती. नव्या नावाचा रकाना भरलेला होता. 'नीतू गुलाब शहारे'. एवढ्या मोठ्या अक्षरांत तिने आपले नाव याआधी कधी पाहिले नव्हते.

"ओल्या कपड्यानं पुसा, मावशी. हां. आता एकदम हळू ठेवा. दाबू नका."

चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.

दुर्गाप्रसादने पावती काढली. काही आठवड्यांत छापून येईल, मोबाईलवर कळेल, मग ते कागद लावून आधार बदला, बँक बदला. तो खुशीत होता. लग्न आहे म्हणता, तर नवऱ्याकडचे नावही याच अर्जात टाकून घ्यायचे होते, एक चक्कर वाचली असती, असेही तो म्हणाला. नीतूने पावतीवरचा अर्ज क्रमांक दोनदा वाचून मोबाईलमध्ये लिहून घेतला. पुढचा माणूस खुर्चीत बसलाही होता.

बसस्थानकावर तिने आईला चहा विचारला. ललिताबाई नको म्हणाली. रुख्मा एकटी आहे, ढग पाहा, एवढेच म्हणाली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक घाईने भारे वाहत होते. कुठे ट्रॅक्टर, कुठे डोक्यावर. एका खळ्यावर ताडपत्री धरून सहा माणसे वाऱ्याशी ओढाताण करत होती. ललिताबाई अंगठा पदरात गुंडाळून बसली होती. तिने विचारले काहीच नाही. दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत कधी जायचे, हेही नाही. नीतूला वाटले की आईला पत्रातले समजले नाही, तो इतक्या वेगाने वाचत होता. सावकाश सांगू, लग्नानंतर सांगू, असे तिने दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा ते तिला घाणेरडे वाटले.

त्या घरी न जाता फाट्यावरून सरळ बांधीत गेल्या. ललिताबाईने ठेवणीतल्या साडीचा ओचा खोवला. पुंजणे छातीइतके चढले होते. रुख्माबाई वर उभी राहून लोंब्या आत आणि बुडखे बाहेर अशी गोल रचाई करत होती. तिने विचारले, झालं का नाव? नीतू म्हणाली, झालं. रुख्माबाई म्हणाली, मग पेढे तर नाही दिसत. आणि खाली हात पसरून भारा मागितला.

दोन तास त्यांनी काम केले. ललिताबाई प्रत्येक भारा वर देण्याआधी त्याच्या मध्यात हात घालून पाहत होती. ओला भारा आत गेला तर पुंजणे आतून तापते आणि तांदूळ पिवळा पडतो. दमट निघाला की ती तो बाजूला उभा करायची. असे तेवीस भारे झाले. वारा पडला होता. ढग डोक्यावर होते, पण पाणी येत नव्हते.

रुख्माबाई वरच्या थराला पायाने दाबत पलीकडच्या बाजूला गेली, तेव्हा त्या दोघी बांधावर होत्या. नीतूच्या हातात तणसाचा बंध होता.

"माय," ती म्हणाली, "समीक्षाचा दाखला नाही निघत आता."

ललिताबाईने भाऱ्यात घातलेला हात बाहेर काढला.

"कधीच नाही निघत. मले तिथंच समजलं होतं. तुहा अंगठा लागायच्या पहिले."

"थो पोरगा वाचून राहिला होता तवाच समजलं मले," ललिताबाई म्हणाली. "वाचता येत नाही. पण आयकू तं येते."

"मंग काऊन लावला?"

ललिताबाईने भाऱ्याची सैल झालेली गाठ सोडली, दोन्ही टोके ओढून पुन्हा पिळली आणि खाली दडपली. अंगठ्याच्या चिरेतून थोडे रक्त तणसाला लागले. तिने तिकडे पाहिले नाही.

"चार डाव लावला," ती म्हणाली. "तीन डाव त्या मशीननं नाही घेतला. मी हरेक डावी तुह्याकडं पाहून राहिली होती. म्हटलं, आता म्हणल राहू दे. आता म्हणल."

तिच्या आवाजात राग नव्हता. धानाच्या रोवणीला बायका कमी आल्या, तर सांगावे तसे ती सांगत होती.

"तू म्हटलं असतं तं मी उठली असती," ती म्हणाली. "नाही म्हटलं. म्हून लावला. तू जिती आहेस, तुहं चालू दे."

नीतूने आठवून पाहिले. पडद्यावरची अक्षरे आठवली. लाल उजेड, हिरवा दिवा, ओले फडके, रांगेतल्या म्हाताऱ्याचा आवाज, सगळे क्रमाने आठवले. त्या चार वेळांतला आईचा चेहरा तेवढा आठवेना. तो तिने पाहिलाच नव्हता.

वरून रुख्माबाईने हाक दिली, भारा द्या, झोपल्या का. ललिताबाईने भारा डोक्यावर घेतला आणि पुंजण्याकडे निघाली.